म्हाताऱ्या लॅब्राडॉरचं वजन उतरतंय, भांड्याला तोंड लावत नाही

प्रश्न
नर, १२ वर्षं. तीन महिन्यांत ३१ वरून २७.५ किलो. कोरडं खाणं हुंगतो, ओठ चाटतो आणि मागे फिरतो. हातातून उकडलेलं चिकन मात्र घेतो. पाणी जास्त पितो. सांधेदुखीसाठी मेलॉक्सिकॅम चालू आहे. किडनीच्या रक्ततपासणीत क्रिअ‍ॅटिनिन नॉर्मल आलंय. भूक वाढायला काय द्यावं?

प्रतिसाद १
भुकेचं नंतर बघू. साडेतीन किलो म्हणजे ११ टक्के, एवढी घट वयावर ढकलता येत नाही. हुंगून ओठ चाटणं ही बहुतेकदा मळमळ असते. मेलॉक्सिकॅमने पोटात व्रण होऊ शकतात, किडनीलाही त्रास होतो. पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. त्याऐवजी माणसांची आयबुप्रोफेन अजिबात नको. शी डांबरासारखी काळी, उलट्या, हिरड्या फिक्या, पोट फुगलेलं, किंवा २४ तास काहीच खाल्लं नाही, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

आणि क्रिअ‍ॅटिनिनवर विसंबू नका. ते स्नायूंमधून तयार होतं. कुत्रा वाळला की आकडा आपोआप खाली येतो आणि रिपोर्ट उगाच चांगला दिसतो. शिवाय किडनीचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेल्याशिवाय ते सहसा वर चढत नाही. एसडीएमए (किडनीचीच रक्ततपासणी, पण स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली), फॉस्फरस, ग्लुकोज आणि सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी मागा: विशिष्ट गुरुत्व (लघवी किती दाट आहे ते) आणि प्रथिनं दोन्ही. पोटाची सोनोग्राफीही करून घ्या, या वयात प्लीहेच्या गाठी निघतात. पाणी मोजून ओता आणि २४ तासांनी उरलेलं वजा करा. किलोमागे १०० मिली, म्हणजे याच्यासाठी पावणेतीन लिटरच्या वर गेलं तर नक्कीच जास्त.

प्रतिसाद २
तोंड बघितलं का? मऊ खातो, कडक नको म्हणतो, म्हणजे दातही असू शकतात. वरचा ओठ मागे ओढून मागची मोठी दाढ बघा. तपकिरी कीटण, लाल हिरडी, एकाच बाजूने चावणं, तोंडातून दाणे पडणं ही लक्षणं. मुळाशी पू झाला असेल तर डोळ्याखाली सूज येते.

खाण्याचं गणित: नुसत्या विश्रांतीला २७.५ किलोला सुमारे ८४० किलोकॅलरी लागतात (वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०). वजन टिकवायला बहुतेक कुत्र्यांना याहून जास्त लागतं. दिवसाचं चार वेळांत वाटा. ओलं खाणं कोमट, ३७-३८ अंशांपर्यंत करा, म्हणजे वास सुटतो. म्हाताऱ्या कुत्र्याचं अर्धं जेवण नाकातूनच होतं. भांडं थोडं उंचावर, खाली न घसरणारी चटई. १५-२० मिनिटांत खाल्लं नाही तर उचला, दिवसभर पुढ्यात ठेवलं की शिसारी बसते. कॅलरी वाढवायला लोणी-तेल ओतू नका, स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. चिकन-भात दोनचार दिवस ठीक, पण त्यात कॅल्शियम नसल्यात जमा. कांदा-लसूण अजिबात नको, रसासाठी उकळलेलेही नको.

प्रश्नकर्ता
सिरिंजने भरवू का? आणि गोळ्या खाण्यातच लपवतो, ते चालेल ना?

प्रतिसाद १
जबरदस्तीने नको. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया, आणि मळमळत असताना कोंबलेलं खाणं कुत्रा पुढेही नाकारू शकतो. गोळ्या नेहमीच्या खाण्यात घालू नका. कडू लागलं की ते खाणंही बंद. वेगळ्या छोट्या घासात द्या. मळमळीवर मॅरोपिटंट, भुकेसाठी कॅप्रोमोरेलिन किंवा मिर्टाझापिन, ही औषधं आहेत, पण कारण शोधताना सोबत आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत.

प्रतिसाद २
वजन दर आठवड्याला, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी: त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग स्वतःचं वजा करा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मांड्यांमागे, पोट लटकू देऊ नका. एकट्याला जमत नसेल तर दवाखान्यातला काटा वापरा, पण दर वेळी तोच. नुसत्या किलोंवर जाऊ नका. कानशिलांवर आणि कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवा, तिथे खळगे लागले तर स्नायू झिजताहेत. किडनीच्या रिपोर्टात खोट नसेल तर अशा वेळी प्रथिनं वाढवतात, कमी करत नाहीत.