नवी कयाक अजून वाटेतच? अनुभव लिहा

आज वल्हं पुसायला काढलं आणि पहिल्या कयाकची (वल्हवायच्या चिंचोळ्या होडीची) वाट पाहिली ते दिवस आठवले. वल्हं, लाइफ जॅकेट, स्प्रे स्कर्ट (बसायच्या जागेतून पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेला बांधायचं झाकण) सगळं वेळेवर आलं, कारण ते साध्या पार्सलनं येतं. कयाक मात्र मालवाहू ट्रकनं. ट्रॅकिंगवर रोज तेच, 'गोदामात पोचले'. शेवटी फरशीवर चिकटपट्टीनं तिचा आकार आखला, आत बसले, पाय कुठे टेकतील ते पाहिलं. जीव रमला. तुम्ही काय केलंत?

---

सेम! पाच मीटरची सी कयाक, म्हणजे समुद्रात न्यायची. इतक्या लांब वस्तूवर दुसरा माल रचता येत नाही, म्हणून प्रत्येक ट्रकला 'जागा नाही, पुढच्या गाडीत'. फार चिडचिड व्हायची.

---

मार्च २०२१. एव्हर गिव्हन हे मालवाहू जहाज सुवेझ कालव्यात आडवं झालं, माझा कंटेनर मागच्या रांगेतल्या जहाजावर. २९ तारखेला ते सुटलं तेव्हा घरात टाळ्या वाजवल्या. पण मग अडलेली जहाजं एकदमच पोचली आणि बंदरात पुन्हा खोळंबा. बाकी नंतर लिहिते, बाळ उठलं.

---

उशीर कधीकधी बनतानाच होतो हो. प्लास्टिकची कयाक म्हणजे साच्यात भुकटी घालून भट्टीत फिरवायची, मग थंड होईपर्यंत साचा अडकलेला. एका साच्यातून एका वेळी एकच निघते. म्हणून रंगासाठी अडून बसू नका, तयार असेल ती घ्या.

---

मी रंगासाठीच थांबले आणि पुन्हा थांबेन. केशरी दुरून दिसते. मोटरबोटवाल्याला आपण दिसलो पाहिजे.

---

बरोबर आहे ताई, हे पटलं.

---

सगळ्यांनी एक ऐका. कितीही दिवस वाट पाहिली असली तरी सही करण्याआधी पुठ्ठा फाडून बघा. ड्रायव्हर घाई करतोच, करू दे. आधी दोन्ही टोकं, मग तळ, मग डेक (वरचा भाग) आणि हल (खालचा भाग) यांचा सांधा. फायबरची असेल तर तिरक्या उजेडात बोट फिरवा, जेलकोटला (बाहेरच्या गुळगुळीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतात ते नुसते दिसत नाहीत. सापडलं तर फोटो काढा आणि पावतीवर लिहूनच सही करा. नुसती सही झाली की नंतर भांडत बसावं लागतं. माझ्या मैत्रिणीचं हेच झालं. प्लास्टिकला पोचा असेल तर घाबरू नका, ऊन लागलं की बरेचदा आपोआप भरून येतो.

---

आमची आली तोवर मोसम संपला होता. बाबांबरोबर पहिली फेरी मारायची होती, त्यांचा गुडघा तेवढ्यात बिघडला. अजून राग येतो.

---

अरेरे. बाबा कसे आहेत आता?

---

बरे आहेत, चालतात. पुढच्या मोसमात काठावरून तरी येईन म्हणतात.

---

वाट पाहताना भाड्याची कयाक घेऊन उथळ पाण्यात उलटायचा आणि बाहेर पडायचा सराव केला. नवी आल्यावर भीतीच उरली नव्हती.

---

वल्हं २२० सेंटिमीटरचं चालेल का? उंची बेताची आहे.

---

कयाक अरुंद असेल तर चालेल. रुंद असेल तर लांब घ्या, नाहीतर हात कडेला घासतात.

---

'वितरणासाठी निघाले' आलं!!! घरी दोघंच आहोत, उचलता येईल ना?

---

येईल. एकानं पुढचं हँडल धरा, एकानं मागचं. फरफटत नेऊ नका. आणि कात्री हाताशी ठेवा.