मेडिकेअर: ७ डिसेंबरच्या आत काय बघावं

मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्यविमा. त्यातला प्लॅन दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात बदलता येतो. त्यावर बरेच जण म्हणतात, "प्लॅन आपोआप पुढे चालू राहतो, मग दर वर्षी डोकेफोड कशाला?" हे म्हणणं अर्धंच खरं आहे. प्लॅन चालू राहतो, पण जसाच्या तसा राहीलच असं नाही. सप्टेंबरअखेर कंपनीकडून बदलांची नोटीस येते, ती जाहिरातींच्या ढिगाऱ्यात टाकू नका. प्रीमियमच्या आधी प्लॅनमध्ये कोणती औषधं बसतात, ती यादी बघा. २०२६ साठी पार्ट डीमध्ये (औषधांच्या विम्यात) स्वतःच्या खिशातल्या खर्चाला २१०० डॉलरची मर्यादा आहे खरी, पण यादीबाहेरची गोळी त्यात धरत नाहीत.

ॲडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारा मेडिकेअर प्लॅन) सोडून मूळ, म्हणजे थेट सरकारी मेडिकेअरकडे परतायचं असेल तर जरा दमानं. १५ ऑक्टोबरपासून तसं करता येतं, पण सोबत मेडिगॅप (मूळ मेडिकेअर न भरणारा खर्च उचलणारा खासगी पूरक विमा) मिळेलच याची खात्री नाही. पासष्टीला पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झाल्यापासूनचे सहा महिने उलटले की बहुतेक राज्यांत कंपनी तब्येत तपासून नकार देऊ शकते. (न्यूयॉर्क, कनेक्टिकटवाल्यांची चैन आहे, त्यांना कधीही घेता येतो.) म्हणून आधी मेडिगॅपचा लेखी होकार, मगच ॲडव्हान्टेजला रामराम.

आणि थंडीत पुण्याला जाणाऱ्यांसाठी: मूळ मेडिकेअर भारतात चालत नाही. मेडिगॅपच्या जी आणि एन प्लॅनमध्ये पहिले २५० डॉलर आपण भरल्यावर तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च मिळतो, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतच, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. आपली मंडळी तिकडे तीन-चार महिने मुक्काम ठोकतात, तेव्हा प्रवासविमा वेगळा घ्याच.