स्मृती चषक पुरे, त्यांचा एक तरी डाव पटावर मांडा

पंचवटीकर:

गेल्या रविवारी नाशकात गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये जलद बुद्धिबळाची, म्हणजे कमी वेळाच्या डावांची, स्पर्धा होती. चषकाला ज्यांचं नाव होतं, त्या सरांबरोबर मी अकरा वर्षं खेळलो. सकाळी फोटोला हार घातला, दोन मिनिटं सगळे उभे राहिले आणि लगेच पहिल्या फेरीची पेअरिंग (कोण कोणाशी खेळणार ती यादी) लागली. दुपारच्या सुट्टीत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा फोटोसमोर थांबला आणि मला म्हणाला, "काका, हे आजोबा चांगले खेळायचे का?"

मी म्हणालो, फार छान. पुढे काही बोलता येईना, कारण त्याला दाखवायला माझ्याकडे एकही डाव नव्हता.

सर वजिरांची मारामारी (अदलाबदल) करून डाव हत्तींच्या शेवटात, म्हणजे पटावर राजे, हत्ती आणि प्यादी एवढंच उरतं तिथे, न्यायचे. मग "हत्ती प्याद्याच्या पाठीशी" एवढंच पुटपुटायचे आणि तासभर हलायचे नाहीत. बरोबरीचा वाटणारा डाव त्यांनी माझ्याकडून किती वेळा काढून घेतला! त्यांच्या डावांच्या वह्या होत्या, दोनशे पानी, निळ्या शाईत लिहिलेल्या. घर बदलताना त्या रद्दीत गेल्या. त्यात घरच्यांचा दोष नाही. त्या मागून घ्यायला हव्यात, हे आम्हा खेळणाऱ्यांनाच सुचलं नाही.

क्युबाचा जगज्जेता कापाब्लांका १९४२ साली गेला. त्याच्या नावाची स्पर्धा क्युबात १९६२ पासून होते, पण तो आज आपल्याला माहीत आहे तो त्याच्या शेवटांमुळे, जे आपण अजून पटावर मांडून बघतो. अझरबैजानचा ग्रँडमास्टर गाशिमोव २०१४ च्या जानेवारीत गेला, अवघा सत्तावीस वर्षांचा. त्याच वर्षी तिथल्या शामकीर गावी त्याच्या नावाची स्पर्धा सुरू झाली. तरी बेनोनी ही सुरुवात खेळणाऱ्याला तो आठवतो, ते त्याच्या चालींमुळे.

म्हणून माझी मागणी अशी. नाशकात कोणाच्याही नावाने स्पर्धा असेल, तर पहिल्या फेरीआधी अर्धा तास मोठ्या डेमो बोर्डवर त्या माणसाचा एक डाव दाखवायचा. डाव मिळत नसेल तर नाव देण्याआधी तो शोधायचा. आणखी एक गोष्ट मला खुपते. या बहुतेक स्पर्धा जलद असतात आणि जलद डावात चाली लिहिण्याचं बंधन नसतं. म्हणजे एकाच्या आठवणीसाठी जमलेल्या शे-दीडशे जणांचा त्या दिवशीचा खेळही संध्याकाळी पुसला जातो.

पंच नाशिकरोड:

तुमची तळमळ कळते, पण मागणी मान्य नाही. हॉलचं भाडं, चषक, रोख बक्षिसं हा खर्च कोण करतं? बहुतेक वेळा ज्यांचा माणूस गेला ते कुटुंबच. त्यांना वर्षातून एकदा आपल्या वडिलांचं नाव माइकवर ऐकायचं असतं, त्यांच्या फोटोसमोर मुलं खेळताना बघायची असतात. ते तुम्ही "पुरे" म्हणून मोडीत काढू नका.

दुसरं, वेळ. सिन्नर, निफाड, मालेगावहून लोक पहाटे निघून येतात. सकाळचा अर्धा तास गेला की शेवटची फेरी आठच्या पुढे जाते आणि मुलांच्या परतीच्या गाड्या चुकतात.

तिसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आजची मुलं प्रत्येक चाल मोबाइलच्या इंजिनवर (चाली तपासणाऱ्या प्रोग्रामवर) टाकून बघतात. चाळीस वर्षांपूर्वी नोकरी सांभाळून खेळलेल्या माणसाचा डाव तुम्ही मांडलात, की पाचव्या मिनिटाला मागच्या रांगेतून "ब्लंडर!" (घोडचूक) असं ऐकू येणार. पहिल्या खुर्चीवर त्यांची पत्नी बसलेली असेल. त्यांना हे का ऐकवायचं?

पंचवटीकर:

ऐकू येईल, खरं आहे. तेव्हा शिकवणाऱ्याने तिथेच थांबून सांगायचं की त्या वेळी इंजिन नव्हतं, रात्रपाळी करून आलेला माणूस ही चाल खेळला, आणि पुढच्या वीस चालींत त्याने डाव कसा सावरला ते बघा. चूक झाकलेला माणूस मला ओळखूच येत नाही.

प्याद्याचा वजीर:

मी कॉलेजला आहे, १८०० रेटिंगच्या आसपास खेळतो. स्पष्टच लिहितो. विदित गुजराथी याच नाशकात जन्मला, २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला, २०२४ ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. मुलांना त्याचे डाव बघायचेत. स्थानिक खेळाडूंबद्दल आदर आहेच, पण अर्धा तास आणि पैसा असेल तर तो चांगल्या प्रशिक्षकावर घालवा.

पंचवटीकर:

विदितचे डाव जगभर कुठेही मिळतात, ते कोणी हरवू शकत नाही. मी बोलतोय ते एकाच वहीत होते.

भद्रकालीचा ओटा:

दोघांनाही माझा विरोध आहे. माझे आजोबा ओट्यावर खेळायचे, हिंदुस्थानी पद्धतीने. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे, आणि राजाला एकदा घोड्याची उडी. गोदेला पाणी चढलं तरी यांचा डाव उठत नसे, असं आजी सांगायची. त्यातला एकही डाव कोणी लिहिला नाही. चाली लिहायच्या असतात हेच त्या मंडळींच्या गावी नव्हतं.

सुलतान खान आपल्याच पद्धतीत वाढला. विलायतेत जाऊन १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश स्पर्धा जिंकला. १९६६ मध्ये वारला आणि २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, त्याला मानद ग्रँडमास्टर केलं. हे झालं, कारण तो जिथे खेळला तिथे डाव लिहून ठेवले जात. तो गावातच राहिला असता तर? "डाव नाही तर नाव नाही" हा तुमचा नियम आमच्या ओट्यावरच्या सगळ्यांना दुसऱ्यांदा पुसून टाकतो.

सिडकोची आई:

ओटावाल्या दादांचं मला पटलं. माझी मुलगी सात वर्षं स्पर्धा खेळली. बाहेरगावी मुलींबरोबर एक मावशी यायच्या. त्यांना सोंगट्या कशा चालतात एवढंच ठाऊक होतं. पण हरून आलेल्या मुलीला आधी जेवायला बसवायचं आणि डावाबद्दल सकाळपर्यंत विचारायचं नाही, हे त्यांनी आम्हा आयांना शिकवलं. त्या गेल्या तेव्हा ना चषक, ना शांतता. त्यांचा कुठला डाव मांडणार?

सर्वपित्री अमावास्येला आपण ज्यांची तिथी माहीत नाही त्यांनाही पान वाढतो. तसा एक दिवस ठेवावा. ज्याला जो आठवेल त्याचं त्याने सांगावं, डाव असेल तर डाव.

भद्रकालीचा ओटा:

ताई, कल्पना सुंदर आहे, पण दिवस तो नको. आमच्या ओट्यावर रामकुंडावर तर्पण करणारे होते, तसे दर्ग्यात फातिहा पढणारेही होते. २० जुलै कसा वाटतो? १९२४ साली त्याच तारखेला फिडे स्थापन झाली, जागतिक बुद्धिबळ दिन असतो. तो सगळ्यांचा आहे.

पंचवटीकर:

"आधी डाव शोधा, मगच नाव द्या" हे मी मागे घेतो. मावशींबद्दल वाचून दोनदा थांबलो. २० जुलैला माझी हरकत नाही. पण जिथे डाव आहे तिथे तो दाखवायचाच, यावरून मी हटणार नाही. गोळा झालेल्या डावांची एक प्रत सार्वजनिक वाचनालयात ठेवून घेतील का, तेही विचारू. १८४० पासून ते गावाचे कागद जपत आलेत.

पंच नाशिकरोड:

ज्या स्पर्धांत चाली लिहितात, तिथे स्कोअरशीटची (चाली लिहिलेल्या कागदाची) एक प्रत पंचाकडे राहते. माझ्या माळ्यावर अशा तीन पिशव्या आहेत, काही माझ्या आधीच्या पंचांनी दिलेल्या. जुने कागद डिस्क्रिप्टिव्ह (चाली लिहिण्याच्या जुन्या इंग्रजी) पद्धतीत आहेत, फिडेने १९८१ पासून ती मानणं सोडलं, त्यामुळे आजच्या मुलांना वाचता यायचे नाहीत. कोणीतरी बसून उतरवून घ्यायला हवेत. कार्बनची अक्षरं पुसट झालीत, अजून दोन पावसाळे निघतील असं वाटत नाही.

पिशव्या देतो. सकाळचा अर्धा तास मात्र देणार नाही. बक्षीस समारंभाआधी निकाल लावायला वीस मिनिटं जातात, मुलं तेव्हा नुसती बसून असतात. तेव्हा मांडा.

पंचवटीकर:

तेव्हा निम्मे लोक निघून गेलेले असतात. सकाळीच हवा. पिशव्या न्यायला मात्र या रविवारीच येतो, कोरडं पोतं घेऊन.