पोस्टिंग चंद्रपूरला आणि टेबल गोव्यात, क्रिप्टोवर ऑनलाइन पोकर खेळतंय का कोणी?

एक्का_दुर्री

मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. मी मूळचा पुण्याचा, गेली चार-पाच वर्षं दोन महिन्यातनं एकदा गोव्याला जायचो, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर 100/200 चं टेबल (प्रत्येक डावाच्या सुरुवातीच्या सक्तीच्या दोन बोली तेवढ्या रुपयांच्या), खिशात मोजून 30 हजार, संपले की बुफे जेवून गुपचूप खाली. आता कंपनीने 14 महिन्यांसाठी चंद्रपूरला टाकलंय, रविवार सोडून सुट्टी नाही आणि रविवारीसुद्धा साईटवरनं फोन येतोच, त्यामुळे गोवा विसरा. मधे देशी ॲपवर छोटं छोटं खेळायचो, ते ऑगस्ट 2025 ला कायदा आला तसं रियल मनी बंद झालं, शिल्लक होती ती मात्र सगळी परत मिळाली.

आता गोव्याच्या टेबलावरचाच एक मित्र म्हणतोय की बाहेरच्या साइट आहेत, यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) टाकायचे, खेळायचे, यूएसडीटीतच काढायचे, केवायसी नाही काही नाही, तो स्वतः रोज रात्री खेळतो. मी आपल्या इथल्या एक्स्चेंजवर 200 यूएसडीटी घेऊन ठेवलेत, 89 रुपयाने पडले, पण पाठवायला हात धजावत नाहीये. विचारायचं इतकंच की पैसे आत-बाहेर व्यवस्थित होतात का आणि गेम कसा असतो. जुगार वाईट वगैरे प्रवचन नको प्लीज, ते घरी भरपूर मिळतं.

किलवरचा_गुलाम

आत जाताना काही होत नाही रे, आत सगळे हसत घेतात. फक्त नेटवर्क बघून पाठव, पत्ता T ने सुरू असेल तर तो ट्रॉनचा, 0x ने सुरू असेल तर इथेरियम किंवा त्याच्या भावकीतला, चुकीच्या नेटवर्कवरनं पाठवलेस तर फोन करून परत मागायला तिथे कोणी बसलेलं नसतं. पण खरी गोष्ट बाहेर येताना आहे, ती ऐक आणि मग ठरव.

मी खेळलोय आठ महिने. बरा खेळलो, 600 यूएसडीटी वर होतो. ते पी-टू-पी वर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकले, समोरच्याने 53 हजार टाकले, मी कॉइन सोडले, विषय संपला असं मला वाटलं. अकरा दिवसांनी सकाळी दूधवाल्याला 64 रुपये यूपीआय करतोय तर फेल. परत केलं, फेल. म्हटलं सर्व्हर डाऊन असेल. दुपारी पेट्रोल पंपावर कार्ड चालेना तेव्हा पोटात गोळा आला. बँकेत गेलो तर मॅडमनी स्क्रीन फिरवून दाखवली, सायबर तक्रारीवरून डेबिट फ्रीझ, तक्रार कुठल्या तरी तिसऱ्याच राज्यातल्या ठाण्याची. झालं असं होतं की मला जे 53 हजार आले ते मुळात कुणाचे तरी फसवणुकीत गेलेले पैसे, त्याने 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली, पैसे ज्या ज्या खात्यातून फिरले ती सगळी खाती अडकली, त्यात माझं. आणि ते माझं पगाराचं खातं. होम लोनचा हप्ता बाऊन्स, एसआयपी बाऊन्स.

मॅनेजर म्हणाले त्या ठाण्याचं एनओसी आणा. ठाण्याला फोन लावला तर म्हणे साहेब बाहेर गेलेत. चार महिने साहेब बाहेर होते. मेलवर मेल, एक्स्चेंजचं स्टेटमेंट, चॅटचे स्क्रीनशॉट, आणि त्यात सगळ्यात वाईट काय तर पोलिसांनी लेखी विचारलं की हे कॉइन तुमच्याकडे आले कुठून. आता लिही काय लिहायचं ते. बायकोने एकच विचारलं, किती जिंकला होतास? त्यावर मी गप्प.

पोकरमधे मी वर होतो हे मात्र रेकॉर्डवर असू दे 😄

एक्का_दुर्री

बाप रे. पण पी-टू-पी न करता साइटवरनं थेट आपल्या इथल्या एक्स्चेंजवर काढले तर?

तिरका_हिशेब

मी सीए नाही, सीएच्या ऑफिसात अकरा वर्षं काढलीत, त्यामुळे त्या हिशेबाने घ्या.

थेट काढले तर एक्स्चेंज विचारू शकतं की हे कुठल्या वॉलेटवरून आले, आता इथले एक्स्चेंज एफआययूकडे, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तचर कक्षाकडे, नोंदणीकृत असतात आणि गेमिंग साइटचे पत्ते त्यांच्या सॉफ्टवेअरला बऱ्यापैकी ओळखू येतात. टॅक्सचं गणित वेगळंच. ऑनलाइन गेममधल्या निव्वळ जिंकण्यावर 30 टक्के, आणि ते यूएसडीटी विकताना भाव वर असेल तर त्या फायद्यावर पुन्हा 30 टक्के, वर सेस, विकताना 1 टक्का टीडीएस कापला जातो तो रिटर्नमधे वळता होतो. भावात तोटा झाला तर तो कशातनंच वजा करता येत नाही, क्रिप्टोचा तोटा दुसऱ्या क्रिप्टोच्या फायद्यातनंसुद्धा नाही. आणि साइट टीडीएस कापत नाही म्हणजे टॅक्स नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्याच फायली आमच्या टेबलावर यायच्या.

कायद्याचं म्हणाल तर ऑगस्ट 2025 चा जो आहे त्यात गेम कौशल्याचा की नशिबाचा हा वादच संपवलाय, पैसे लावून ऑनलाइन म्हटलं की तो गेम बंदीत आला. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, पैशाची ने-आण करून देणाऱ्यालाही तेवढंच, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाखांपर्यंत. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, हे बरोबर. पण तुमचा तो गोव्याचा मित्र, त्याने तुम्हाला नुसती साइट सांगितली की रेफरल कोडपण पाठवला? पाठवला असेल तर त्याला म्हणावं जपून, चार ग्रुपवर कोड टाकणं याला प्रचार म्हणायला फार वेळ लागत नाही. बोटीवरच्या टेबलाचा कायदा वेगळा, तो गोव्याचा 1976 चा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

एक्का_दुर्री

कोड पाठवला होता. 🙈

जर्सीकर_काका

आमच्याकडे न्यू जर्सीत ऑनलाइन पोकर नोव्हेंबर 2013 पासून कायदेशीर आहे, मी खेळतो, डॉलरमधे, बँकेतनं, क्रिप्टोची भानगडच नाही. ॲप लोकेशन तपासतं, राज्याच्या आत असाल तरच डाव. एकदा मॅनहॅटनला भाच्याकडे गणपतीला गेलो होतो, आरती व्हायला वेळ होता म्हणून फोन काढला तर ॲपने बाहेरच ठेवलं, नदीपलीकडे माझं घर दिसत होतं.

पण मला वेगळं सांगायचंय. 15 एप्रिल 2011 ला इथे सरकारने तीन मोठ्या साइट एका दिवसात बंद केल्या, पोकरवाले त्याला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. त्यातली फुल टिल्ट तेव्हा नावाजलेली, टीव्हीवर दिसणारे मोठमोठे खेळाडू तिचे मालक. नंतर बाहेर आलं की खेळाडूंचं देणं साधारण 390 मिलियन डॉलर आणि बँकेत 60 च्या आसपास. म्हणजे लोकांना स्क्रीनवर जो बॅलन्स दिसत होता तो नुसता आकडा होता. अमेरिकेतल्या लोकांना पैसे मिळायला 2014 उजाडलं, आणि तेही मिळाले कारण सरकार मधे पडलं आणि दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली. आता तुमची ती केवायसी नसलेली साइट, कुठल्या तरी बेटावरचं लायसन्स, ती बुडाली तर तुमच्यासाठी मधे कोण पडणार? केवायसी नाही म्हणजे तुम्ही कोण हे त्यांना माहीत नाही, आणि पैसे मागायला जाल तेव्हाही माहीत नसणार.

हॅशभाऊ

क्रिप्टोवाले प्रोव्हेबली फेअर, म्हणजे डाव सचोटीचा होता हे तपासता येणारे, असतात ना पण? पिसलेल्या पत्त्यांचा हॅश (गणिती ठसा) आधीच देतात, हात संपल्यावर आपण तपासून बघू शकतो, म्हणजे सीलबंद पाकीट आधी टेबलावर ठेवायचं आणि नंतर उघडायचं तसं. देशी ॲपवर तेही नव्हतं.

किलवरचा_गुलाम

हॅशभाऊ, त्याने इतकंच कळतं की पिसल्यानंतर पत्ते बदलले नाहीत. समोरचे दोघं एकाच खोलीत बसून एकमेकांना पत्ते सांगतायत का, ते नाही कळत. समोर बॉट आहे का, नाही कळत. आणि सर्व्हरवाल्याला तुझे पत्ते दिसतायत का, ते तर अजिबात नाही. 2007 ला ॲब्सोल्युट पोकरवर हेच झालं, पॉटरिपर नावाचं खातं सगळ्यांचे झाकलेले पत्ते बघून खेळत होतं, हजार डॉलरच्या टूर्नामेंटच्या शेवटच्या हाताला त्याने हातात काही नसताना दश्शी हायवर (सगळ्यात मोठं पान दश्शी) कॉल केला, म्हणजे समोरच्याची बोली स्वीकारली, आणि समोरच्याचा बदामाचा फ्लश हुकलेला, नहिल्यावर बसलेला. शहाणा माणूस असा कॉल करत नाही. दुसऱ्या आलेल्याने हॅन्ड हिस्टरी मागितली तर त्याला चुकून सगळ्यांच्या पत्त्यांसकट फाईल गेली म्हणून उघड झालं, नाहीतर कोणाला कळतंय.

आणि धागाकर्त्या, गेम कसा असतो विचारलंस ना. बोटीवर तासाला 25-30 हात पडतात, डीलर पिसतो, कोणी चहा मागवतो, कोणी पाच मिनिटं विचार करतो. ऑनलाइन एका टेबलावर 70, दोन उघडलेस की दीडशे. गोव्याच्या अख्ख्या वीकेंडला जेवढे हात व्हायचे तेवढे साईटवरनं आल्यावर तीन रात्रीत होतील आणि प्रत्येक पॉटमागे रेक, म्हणजे साइटचं कमिशन, कापला जाईल. वर तिथे 30 हजार संपले की बोटीवरनं खाली उतरावं लागतं. इथे उतरायचं कुठे, पलंगावरच असतोस.

एक्का_दुर्री

झोप उडवलीत तुम्ही लोकांनी. हॅशभाऊ सोडून.

मी साइट उघडून तो डिपॉझिटचा पत्ता कॉपीसुद्धा केला होता, T ने सुरू होणारा, पहिले चार आणि शेवटचे चार अक्षर जुळवून बघितले, आणि मग गुलामसाहेबांचे ते 64 रुपये आठवले. पगाराचं खातं माझंही एकच आहे.

तिरका_हिशेब

मग त्या 200 चं काय केलंत?

एक्का_दुर्री

काल विकले, एक्स्चेंजवरच. 90.50 ने गेले, म्हणजे 300 रुपये फायदा, त्यावर 90 टॅक्स, सेस वेगळा, आणि 181 टीडीएस कापलाय. बरोबर ना? हे रिटर्नमधे कुठल्या शेड्यूलमधे टाकायचं ते सांगा.

तिरका_हिशेब

बरोबर. शेड्यूल व्हीडीए, क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेचं. एक्स्चेंजची फी वजा करू नका, ती चालत नाही, फक्त खरेदीची किंमत चालते.

जर्सीकर_काका

नोव्हेंबरला पुण्यात येतोय, तिथनं गोव्याला चाललोय. एक रविवार-सोमवार काढा की साईटवरनं.

एक्का_दुर्री

काका, साहेबांना विचारतो. भाऊबीजेचं कारण लागू पडेल बहुतेक.