प्रतिसाद: लवंगेचं तेल मुळाशी ओतण्याआधी

ताई, तुमच्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी आल्यात आणि कुणी पाण्यात लवंगेचं तेल घालून ओतायला सांगितलंय. कृपया थांबा. अशा गाठी बहुधा सूत्रकृमींमुळे येतात, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या कृमींमुळे.

लवंगेतलं युजेनॉल आणि ओव्यातलं थायमॉल सूत्रकृमींची पिल्लं मारतं, हे खरं आहे. पण प्रयोगशाळेत ती बशीतल्या पाण्यात उघडी असतात. कुंडीत तेल मातीला चिकटतं, उडूनही जातं. मुळात रुतून बसलेल्या मादीपर्यंत ते फारसं पोचत नाही, अंडीही चिकट आवरणात असतात. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. नुसतं ढवळून ओतलं की तवंग जिथे साचेल तिथली मुळं भाजतात. ऐरोलीत आमच्या गच्चीवरची वांग्याची दोन भरात आलेली रोपं मी अशीच घालवली, अजून हळहळ वाटते.

(चवळी-वालाच्या मुळांवरच्या गाठी बघून मात्र घाबरू नका. त्या रोपाला हवेतला नत्र मिळवून देणाऱ्या उपयोगी गाठी, नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं, ती सुटत नाही.)

रोप मुळांसकट काढून टाका, कंपोस्टमध्ये नको. माती ओली करून एप्रिल-मेच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली 4 ते 6 आठवडे पातळ पसरून ठेवा. मग निंबोळी पेंड मिसळा आणि पावसाळ्यात त्या कुंडीत फक्त झेंडू लावा, त्याच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात. तेल वापरायचंच असेल तर रिकाम्या मातीत, इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घालून, लागवडीच्या बरंच आधी. उभ्या रोपाला नकोच.