कॉर्व्हेटच्या यादीत १९८३ चे मॉडेल का नाही?

अनिरुद्ध (प्रश्न):
शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारच्या मॉडेल-वर्षांची (म्हणजे कंपनी गाडीला ज्या वर्षाचे नाव देते त्या वर्षांची) यादी लावताना एक गोष्ट खटकली. १९५३ पासून ओळीने येणारी ही यादी १९८२ नंतर थेट १९८४ वर जाते. छपाईची चूक म्हणून सोडून दिले असते, परंतु नवी, म्हणजे चौथ्या पिढीची कॉर्व्हेट १९८३ च्या वसंतात विक्रीला आली असेही वाचनात येते आणि जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत अधूनमधून ‘१९८३ ची कॉर्व्हेट’ असा उल्लेखही दिसतो. या तिन्ही गोष्टींचा मेळ कसा घालावा? शिवाय १९८३ मध्ये या गाडीला तीस वर्षे पूर्ण होत होती. ते कंपनीने असे हातचे का जाऊ दिले असावे?

सुहास:
आपली यादी अचूक आहे. १९८३ साली कॉर्व्हेट विकली गेली, मात्र १९८३ चे मॉडेल म्हणून एकही गाडी ग्राहकाच्या हाती पडली नाही. अमेरिकेत मॉडेल-वर्ष आणि कॅलेंडरचे वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका मॉडेल-वर्षाच्या उत्पादनकाळात १ जानेवारी ही तारीख एकदाच येऊ शकते, एवढीच अट असल्यामुळे १९८४ चे मॉडेल २ जानेवारी १९८३ पासून बनवायला कायद्याची हरकत नव्हती.

खरे कारण गाडीच्या आत आहे. १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेटचा बाह्याकार १९६८ चा होता आणि तिच्या सांगाड्याची मूळ रचना तर १९६३ ची होती. डेव्ह मॅक्लेलन यांच्या अभियंत्यांनी आणि जेरी पामर यांच्या आरेखकांनी चौथी पिढी जवळजवळ कोऱ्या कागदावरून उभी केली. मूळ योजनेत छताच्या मध्यभागी पुढून मागे जाणारा दांडा होता. काम बरेच पुढे गेल्यावर तो काढून छताचा सबंध एकच तुकडा उचलता यावा असे ठरले. दांडा गेल्याने गाडीचा ताठपणा कमी झाला आणि तो भरून काढण्यासाठी दाराखालच्या कडा उंच व जाड कराव्या लागल्या. ही खूण या गाडीत बसू पाहणाऱ्या प्रत्येकाला जाणवते. पाय चांगला उचलून त्या उंच कडेवरून आत टाकावा लागतो आणि हँडब्रेक चालकाच्या डाव्या बाजूला, आसन आणि ती कड यांच्या बेचक्यात बसवलेला आढळतो.

अशा बदलांमुळे आणि सुट्या भागांच्या दर्जाच्या अडचणींमुळे वेळापत्रक घसरत गेले. १९८३ चे क्रमांक घातलेल्या ४३ चाचणी-गाड्या तयार झाल्या होत्या, परंतु विक्रीयोग्य गाडी हाती येईपर्यंत हंगाम निम्मा सरला होता. ती १९८४ च्या नियमांत बसत असल्याने तिला थेट पुढच्या वर्षाचे नाव देणेच शहाणपणाचे होते. काही महिन्यांत जुने ठरणारे मॉडेल कोणी आनंदाने विकत घेतले असते असे मला वाटत नाही.

मृणाल:
त्या ४३ गाड्यांविषयी थोडी भर घालते. चाचण्यांनंतर त्या नष्ट करण्यात आल्या, फक्त एक पांढरी गाडी वाचली. ती केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथे, कारखान्याजवळच्या नॅशनल कॉर्व्हेट म्युझियममध्ये ठेवलेली आहे. १२ फेब्रुवारी २०१४ रोजी याच संग्रहालयाची जमीन खचून आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या, त्यांत ही नव्हती. मला ही गाडी साऱ्या संग्रहातली सर्वांत मोलाची वाटते, कारण बाकीच्या प्रत्येक मॉडेलचे जुळे भाऊ कुठे ना कुठे सापडतील, हिचा एकही सापडणार नाही.

केदार:
सुहास यांचे विवेचन पटते, परंतु थांबल्यामुळे गाडी निर्दोष झाली असा अर्थ कोणी काढू नये. १९८४ च्या मॉडेलमध्ये १९८२ चेच ५.७ लिटरचे क्रॉस-फायर (हे त्याच्या इंधन-फवारणी पद्धतीचे नाव) इंजिन थोड्या सुधारणेने आले आणि शक्ती २०० वरून केवळ २०५ अश्वशक्तीवर गेली. वळणांवरची पकड वाखाणली गेली, पण झेड-५१ नावाचे जास्त कडक सस्पेन्शन खडबडीत रस्त्यावर अंग खिळखिळे करी, म्हणून पुढच्याच वर्षी ते मऊ करावे लागले. २३० अश्वशक्तीचे नवे इंजिनही १९८५ लाच आले. माझ्या मते १९८३ मध्ये जे व्हायचे होते ते खऱ्या अर्थाने १९८५ मध्ये पूर्ण झाले.

आपल्या यादीत उत्पादनाचे आकडे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी. १९८४ ची संख्या ५१,५४७ आहे आणि १९८२ ची २५,४०७. ही दुपटीची उडी निव्वळ लोकप्रियतेची नाही, कारण १९८४ चे मॉडेल-वर्ष नेहमीपेक्षा कितीतरी लांब चालले.

अनिरुद्ध:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आकड्यांपुढे तशी टीप देतो. जाहिरातींतल्या ‘१९८३’ चे मात्र काय समजावे?

सुहास:
विक्रेता बहुधा खरेदीचे साल सांगत असतो. विंडशील्डच्या काचेतून, डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात दिसणारी गाडीच्या ओळखक्रमांकाची पट्टी वाचावी. सतरा अक्षरांपैकी दहावे अक्षर मॉडेल-वर्षाचे असते. १९८२ साठी सी, १९८३ साठी डी, १९८४ साठी ई. तिथे ई असेल तर कागदपत्रांवर काहीही लिहिलेले असो, ती गाडी १९८४ चीच होय, आणि डी असलेली कॉर्व्हेट विकाऊ असू शकत नाही.