तुझे किती आले? (उत्तर की मार्क?)

अर्धविराम:
एका किशोरकथेचा अनुवाद करते आहे आणि एका एवढ्याशा वाक्यावर गाडी अडली आहे. गणिताचा पेपर संपलाय, मुलं वर्गाबाहेर घोळका करून उत्तरं ताडून बघतायत. नायिकेचं पाचव्या प्रश्नाचं, म्हणजे वर्तुळाच्या उदाहरणाचं उत्तर ३५ अंश आलंय. ती मित्राला विचारते. त्याला वाटतं ही एकूण मार्कांचं विचारतेय, म्हणून तो सांगतो, "सत्तर". तिच्या पोटात गोळा येतो. पुढची दोन पानं या गैरसमजावर उभी आहेत.

मूळ भाषेत उत्तराला आणि मार्कांना एकच क्रियापद चालतं, म्हणून हे जमून जातं. मराठीत उत्तर येतं आणि मार्क पडतात. "तुझं किती आलं?" म्हटलं की ते उत्तरच. "तुला किती पडतील?" म्हटलं की मार्कच. मधलं काही सुचतंय का कुणाला?

पाटीपेन्सिल:
"तुला किती मिळालं?" चालेल की.

हातचा एक:
नाही चालणार. उत्तर 'मिळालं' म्हटलं की ते पुढच्या बाकावरून मिळालं असा वास येतो. स्वतः सोडवलेल्याचं उत्तर येतं, काढलं तर निघतं, नाहीतर चुकतं. मिळत कधीच नाही.

कंपासपेटी:
भाषेचं जाऊ द्या, आधी लेखकाला दाद द्या. ३५ आणि ७० हे आकडे उगाच घेतलेले नाहीत. एकाच कंसाने (परिघाच्या एकाच तुकड्याने) वर्तुळावर केलेला अंतर्लिखित कोन हा केंद्राशी होणाऱ्या कोनाच्या निम्मा असतो. त्यामुळे 'सत्तर' ऐकल्यावर तिला वाटणार, अरे देवा, केंद्रीय कोन विचारला होता आणि आपण दुप्पट करायचं विसरलो. त्याने 'बासष्ट' म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, तुझंच चुकलं. अनुवादात आकडे बदलू नका हो!

अर्धविराम:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आभार. पण आता वाक्य जमवणं आणखी गरजेचं झालं.

बोरूबहाद्दर:
उत्तर सोपे आहे. प्रमाण लेखनात "किती आले?" असे लिहा. 'उत्तर' नपुंसकलिंगी एकवचन, म्हणून 'उत्तर आले'. 'मार्क' पुल्लिंगी अनेकवचन, म्हणून 'मार्क आले'. दोन्हीकडे रूप तेच. डोक्यावर टिंबे देत बसण्याची फॅशन निघाल्यापासून आपण ही सोय घालवली, त्याला मूळ लेखक काय करणार?

खोडरबर:
बोरूबहाद्दर, युक्ती झकास, पण कुठला पंधरा वर्षांचा मुलगा "तुझे उत्तर किती आले?" म्हणतो? संवादात 'आलं', 'केलं', 'झालं' असंच हवं. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडी बोलण्यातलं रूप अनुस्वार देऊन लिहायची मुभा आहे. फॅशन कसली?

बोरूबहाद्दर:
मुभा आहे, सक्ती नाही. आणि मुलगा कसा बोलतो हे वाचकाच्या कानाला कळते, त्यासाठी अक्षरावर टिंब लागत नाही.

खोडरबर:
अख्खी गोष्ट 'आलं-गेलं'मध्ये आणि या एकाच वाक्यात 'आले'? वाचक तिथेच ठेचकाळेल. त्याला वाटेल छपाईची चूक.

हातचा एक:
शिवाय काळाचं काय? उत्तर येऊन गेलंय, मार्क अजून यायचेत. पेपर आत्ता सुटलाय. "किती आले" विचारल्यावर कुठलाही मुलगा म्हणेल, "आले कुठे, निकाल लागू दे की."

पाटीपेन्सिल:
हे पटलं नाही. आम्ही पेपर झाल्या झाल्या प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीने आकडे मांडून बेरीज करायचो आणि "माझे बहात्तर येतायत" असंच म्हणायचो. माझी एक मैत्रीण तर भूतकाळातच बोलायची. "मोजले, चौसष्ट आले." निकालाशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तिचा निकाल तिथेच लागलेला असायचा. पडतील-बिडतील हे घरी आईबाबांसमोर.

कंपासपेटी:
हो, 'पडतील'मध्ये अंग काढून घेण्याची सोय आहे. पडले तर पडले.

पाटीपेन्सिल:
मुळात मार्क 'पडतात' का? माझा अंदाज असा की हे सोंगट्यांच्या खेळातून आलं असणार. दान पडतं तसे मार्क पडतात. गणिताच्या पेपरला तर शंभर टक्के लागू.

बोरूबहाद्दर:
अशा व्युत्पत्त्या ऐकायला गोड लागतात, एवढेच. महाग पडते, फरक पडतो, सवय पडते, नाव पडते, मते पडतात. या सगळ्यांत सोंगट्या कुठे आल्या? हिशेबाअंती जे वाट्याला येते ते 'पडते'. "दरडोई किती पडले?" म्हणतोच ना आपण.

पाटीपेन्सिल:
मते पेटीत पडतात, सोंगट्या पटावर पडतात. मी माझ्या सोंगट्यांवर ठाम.

लाल शाई:
बरीच वर्षं पेपर तपासले आहेत, म्हणून राहवलं नाही. तुम्ही म्हणता मार्क पडतात, मिळतात, येतात. आमच्या बाजूला ते 'दिले' किंवा 'कापले' जातात. नियामकाकडे तक्रार गेली तर 'वाढवले' जातात. पडलेले मार्क मी कधी पाहिले नाहीत.

पण खरी गंमत पोरांच्या बोलण्यात आहे. नीट ऐका. पेपर 'गेला', तोही 'मला सोपा गेला'. उत्तर 'आलं'. गणित 'चुकलं'. वेळ 'पुरला नाही'. प्रश्न 'राहिला'. मार्क 'पडतील'. निकाल 'लागेल'. या सगळ्या रांगेत मुलाने स्वतः काही केलं असं एकही क्रियापद नाही. 'सोडवलं' हे एकच काय ते करणाऱ्याचं, आणि त्यालाही लगेच जोड येते, "सोडवलं, पण सुटलं नाही."

हातचा एक:
लाल शाई, हे भारी आहे. फक्त 'लिहिलं' राहिलं की. "तू काय लिहिलंस?" हे करणाऱ्याचंच आहे.

लाल शाई:
इतिहास-भूगोलाला "काय लिहिलंस" विचारतात. गणिताला "किती आलं". फार क्वचित एखादा विचारतो, "तू कसं केलंस?" त्याच्या उत्तरपत्रिकेत पायऱ्या नीट असतात, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क तो घेऊन जातो. बाकीचे नुसतं शेवटचं उत्तर जुळवतात आणि जुळलं नाही की पाचच्या पाच गेले म्हणून रडतात.

कंपासपेटी:
आणि शेवटची उत्तरं जुळत नाहीत तेव्हाही दोन्ही बरोबर असू शकतात, हे तिथे कुणी ऐकून घेत नाही. एकाचं २√३, दुसऱ्याचं √१२, तिसऱ्याने छेदाचं परिमेयीकरणच केलं नाही, म्हणजे छेदातलं वर्गमूळ घालवलंच नाही, म्हणून त्याचं ६/√३. तिघांचं उत्तर एकच आहे! किंवा त्रिज्या ७ सेमी, क्षेत्रफळ काढा: २२/७ घेणाऱ्याचं १५४ येतं, ३.१४ घेणाऱ्याचं १५३.८६. प्रश्नात π ची किंमत दिलेली नसेल तर भांडण ठरलेलं.

अर्धविराम:
अजून एक विचारू का? या सगळ्या प्रकाराला, म्हणजे पेपरनंतर घोळक्यात उत्तरं ताडून बघण्याला, एखादं नाम आहे का? प्रकरणाचं शीर्षक तेच आहे. (वरचं वाक्यही अजून सुटलेलं नाही.)

खोडरबर:
पोस्टमॉर्टेम. दुसरा शब्दच नाही. "चला, पेपरचं पोस्टमॉर्टेम करू."

बोरूबहाद्दर:
किशोरांच्या पुस्तकात प्रकरणाचे शीर्षक पोस्टमॉर्टेम?

खोडरबर:
मग शवविच्छेदन ठेवा. :)

बोरूबहाद्दर:
थट्टा पुरे. 'ताळा' हा उत्तम मराठी शब्द पडून आहे. ताळा पाहणे, ताळा जुळणे. याच घरचे पडताळा, ताळमेळ, ताळेबंद. 'उत्तरांचा ताळा' असे शीर्षक द्या. 'महापौर' आणि 'दिनांक' हे सावरकरांनी रुजवलेले शब्दही आधी लोकांना जड वाटलेच असतील. हा तर आपला जुनाच आहे.

हातचा एक:
ताळा माझाही लाडका, पण इथे तो बसत नाही. ताळा म्हणजे केलेलं गणित वेगळ्या वाटेने तपासणं. भागाकार केला तर भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी, आलं का भाज्य परत? हा ताळा. समीकरणात आलेली किंमत घालून बघणं हाही ताळा. तो एकट्याने करायचा असतो आणि पेपर हातात असताना करायचा असतो. बाहेर आल्यावर चौघांनी "माझं १८, माझंही १८" करणं हा ताळा नाही. चौघांचंही चुकलेलं असू शकतं. नव्हे, एकाच शिक्षकाकडे शिकलेले असले तर सारखंच चुकतं. याला फार तर जुळवाजुळव म्हणा.

बोरूबहाद्दर:
'ताळा जुळणे' यात जुळणे आहेच. व्यवहारात दोन वह्यांचाही ताळा घेतात. तुम्ही शब्दाला शाळेच्या वर्गात कोंडू नका.

कंपासपेटी:
आणि ताळा म्हणजे खात्री असंही नाही हो. नवाचा ताळा आठवतो का? २३ × १४. २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ ची ५, पाचा पाचा पंचवीस, पुन्हा २ आणि ५ मिळून ७. उत्तर ३२२, त्याची बेरीजही ७. जुळला. पण घाईत ३२२ चे २३२ लिहून आलात तरी बेरीज ७ च. अंकांची अदलाबदल केली की फरक नेहमी नऊच्या पटीत पडतो, म्हणून या ताळ्याला ती चूक दिसतच नाही.

लाल शाई:
आणि ती चूक पोरं सर्वांत जास्त करतात.

पाटीपेन्सिल:
बघा, 'फरक पडतो'. सोंगट्या!

खोडरबर:
गोष्टीत टक्के आहेत की ग्रेड? कारण ग्रेड असेल तर ना 'पडते' ना 'येते'. ग्रेड 'मिळते' किंवा 'लागते'?

अर्धविराम:
या प्रसंगात मार्क आहेत, पुढे ग्रेड येते.

बोरूबहाद्दर:
तिथे 'श्रेणी' वापरा, कृपया ग्रेड नको.

कंपासपेटी:
गणिताच्या गोष्टीत 'श्रेणी' नको. अंकगणिती श्रेढी (सारख्या फरकाने पुढे जाणाऱ्या संख्यांची रांग) शिकलेली पोरं श्रेणी आणि श्रेढी यांत गोंधळतात. "मला अ श्रेढी मिळाली" असं लिहिलेलं मी डोळ्यांनी वाचलंय.

बोरूबहाद्दर:
त्यात श्रेढीचा काय दोष? भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावती या गणितग्रंथात 'श्रेढीव्यवहार' असे प्रकरण आहे. साडेआठशे वर्षांहून जुन्या शब्दाने नव्या भाषांतरित शब्दासाठी जागा सोडायची का?

कंपासपेटी:
मी श्रेढीला नाही, श्रेणीला हलवा म्हणतोय. ग्रेड लिहा. सगळ्यांना कळतं.

रिकामी जागा:
पहिल्यांदाच लिहितोय. क्रियापदच काढून टाकलं तर? "पाचव्यात किती?" एवढंच. तिच्या मनात पाचव्या प्रश्नाचं उत्तर. त्याच्या मनात... फक्त मग गोष्टीत पाचवा विषय गणित करावा लागेल, किंवा ही त्यांची पाचवी चाचणी. लिंग, वचन, काळ, टिंब, कशाचीच अडचण राहत नाही.

खोडरबर:
'मार्क'चं अनेकवचन सगळ्यांनी 'मार्क' धरलंय म्हणून विचारतो, 'मार्क्स' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? "मार्क्स पडले", आणि त्यावर "मार्क्सं" सुद्धा ऐकलंय.

पाटीपेन्सिल:
'मार्कं' पण. "मार्कं गेली" असं स्त्रीलिंगीच काय, नपुंसकलिंगीसुद्धा म्हणतात. गेले ते गेले, लिंग कशाला बघायचं.

बोरूबहाद्दर:
म्हणूनच सांगतो, 'गुण' म्हणा. गुण मिळाले. एकही अडचण नाही.

हातचा एक:
"मला गणितात गुण नाहीत" म्हटलं की नापास झालो की अवगुणी आहे?

लाल शाई:
पालकांच्या लेखी दोन्ही एकच असतं. पण "वाण नाही पण गुण लागला" यातल्या गुणाचं काय करणार, बोरूबहाद्दर? शेजारच्या बाकावरून तोही लागतो.

बोरूबहाद्दर:
'गुण लागणे' आणि 'गुण मिळणे' यांत क्रियापदच अर्थ वेगळा करते. त्यासाठी नवा धागा काढा, सविस्तर लिहितो.